रोवण्याचं कार्ड

महाल, नागपूर
२४ ऑगस्ट १९५५

भाऊ,

पाया पडतो. वहिनीलाही सांग.

हे पत्र सुकलू गुरुजी तुला वाचून दाखवतील. गुरुजी, हात जोडून सांगतो, लिहिलं आहे तेवढंच वाचा. मधे आपल्या मनाचं घालू नका, तुम्हाला ती सवय आहे.

शनिवारी मी गावात आलो आणि घराची पायरी न चढता परत गेलो. "आता कायले आला?" एवढं बोलून तू फावडं खांद्यावर टाकलंस आणि धानाच्या बांधीकडे चालू लागलास. तुझं डोकं भादरलेलं होतं. मला काहीसुद्धा माहीत नव्हतं रे. मी तर मायसाठी संत्र्याची बर्फी घेऊन आलो होतो. पांदणीत शेजारची मंगली भेटली, डोक्यावर गवताचा भारा. मी म्हटलं, "काय मंगलीबाई, ओळख विसरली का?" तर ती भाऱ्यासकट चिखलात बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली. वहिनीनं पाण्याचा गडवा आणला, पण हातात दिला नाही, लांब ठेवून मागं सरकली. जिवंत असलो तरी ज्याची क्रिया होऊन गेली त्या माणसाला हातानं पाणी कसं द्यायचं, तिचंही बरोबर आहे.

मग गुरुजींनी शाळेच्या ओसरीत बसवून सगळं सांगितलं. मी लिहितो, चुकलं असेल तर सांग.

जुलैच्या बावीस तारखेला डाकवाल्यानं माझ्या नावाची तार आणली. इंग्रजी कोणाला येत नव्हतं, गुरुजींनासुद्धा नाही. आपल्या गावात याआधी दोनच तारा आल्या, एक बर्माच्या लढाईतून आणि एक मालगुजाराच्या जावयाची, आणि दोन्ही मौतीच्याच. म्हणून कोणी वाचायची वाटच पाहिली नाही. मौतीचा कागद घरात घेत नाहीत, तू तार गोठ्याच्या वळचणीला खोचलीस. अंधारी नदीला पूर आला, पोंभुर्ण्याची वाट बंद झाली. तू थांबू म्हणत होतास, पण माय ऐकेना. "माह्या पोराले पाण्यावाचून नोका ठेवू" म्हणाली. तिसऱ्या दिवशी पळसाच्या पानांचा पुतळा करून माझ्या नावानं जाळला, आणि तू माझ्यासाठी डोकं भादरलंस. सहाव्या दिवशी पूर उतरला तसा तू डोंग्यानं पलीकडे गेलास आणि जंगलखात्याच्या बाबूकडून तार वाचून घेतलीस. तेव्हा कळलं की मी मेलेलो नाही, मला नोकरी लागली आहे. परत आलास, मला कार्ड टाकलंस. आणि पाच ऑगस्टला माय गेली. एका महिन्यात तुझं डोकं दोनदा भादरलं गेलं.

कार्ड मला मिळालं नाही. मी तेव्हा मुंबईला गेलो होतो, डॉक्टरी तपासणीसाठी.

नोकरी इथिओपियाची आहे. आपल्याकडे जुने लोक त्याला हबसाण म्हणतात. तिथल्या सरकारला इंग्रजी शिकवायला मास्तर पाहिजेत. तीन वर्षांचा करार, अठ्ठावीस ऑक्टोबरची बोट, आणि त्याच महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत होय किंवा नाही कळवायचं आहे. इकडे गडचिरोलीच्या नव्या मिडल स्कूलमध्येही जागा आहे, हेडमास्तरांनी विचारलं आहे. कुठे जावं हे मी तुझ्याशिवाय ठरवणार नाही.

एकच सांग. तार वाचून घेतल्यावर तू घरी आलास, तेव्हा मायला सांगितलंस का? मी जिवंत आहे हे तिला कळलं होतं का? गुरुजी म्हणतात, खोलीत तुम्ही दोघंच होता, त्यांना माहीत नाही. तिला कळलं असेल तर मी हबसाणला जाईन. ती मी मेलो असं समजूनच गेली असेल, तर कुठेच जाणार नाही, गडचिरोलीला राहीन आणि दर शनिवारी तुझ्या दारात येऊन बसेन.

तुझा
लटारू


नागपूर
८ सप्टेंबर १९५५

भाऊ,

पंधरा दिवस झाले. उत्तर नाही. तुला लिहिता येत नाही हे कारण सांगू नको, गुरुजींचा हात अजून शाबूत आहे. दुसरीतून शाळा सोडलीस ती बाबा गेले म्हणून, आणि मला शिकवलंस. ते मी विसरलो नाही. पण म्हणून गप्प बसून मला मारायचा हक्क तुला मिळत नाही.

तू बोलत नाहीस तर मीच दोन्ही बाजूंनी बोलतो.

जावं, कारण असा योग पुन्हा येणार नाही. मुलाखतीला शंभरावर लोक होते. मद्रासकडचे मास्तर सूटबूट घालून आले होते आणि मी शिंप्याकडून शिवून घेतलेला कोट घालून. मला एक उतारा वाचायला दिला. मी वाचला, तसा त्यांच्यातला म्हातारा साहेब म्हणाला, तुमचे उच्चार स्पष्ट आहेत, आमच्या मुलांना समजतील. भाऊ, कॉलेजात माझ्या याच उच्चारांना पोरं हसायची. झाडीतला माणूस इंग्रजी बोलतो म्हणजे बैल सायकल चालवतो, असं म्हणायची. त्या साहेबाच्या शब्दानं माझी छाती केवढी झाली ते तुला कळणार नाही.

पगार चांगला आहे. देश उंचावर आहे, थंड आहे. लोक आंबवलेल्या पिठाची मोठी भाकर एकाच ताटाभोवती बसून खातात, म्हणजे उपाशी मरायची भीती नाही.

जाऊ नये, कारण गडचिरोलीच्या शाळेत सहावीपासून इंग्रजी सुरू होणार आहे आणि शिकवायला कोणी नाही. जंगलातल्या गावांमधली मुलं दहा-दहा कोस चालून येऊन वसतिगृहात राहतात. आपल्या गावात एक जरी माणूस चार ओळी इंग्रजी वाचणारा असता, तर पुतळा जळला नसता. हे मी हबसाणच्या मुलांना शिकवून काय उपयोग? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि जाऊ नये, कारण माय. पण मायचं काय, ते तू सांगितल्याशिवाय मला कळणार नाही. मी रोज कॅलेंडरवरची पंधरा ऑक्टोबर बघतो.

अस्थी तू मार्कंड्याला नेल्यास असं गुरुजी म्हणाले. शिवरात्रीच्या जत्रेला तिला बैलगाडीनं न्यायचं आपण तीन वर्षं बोलत होतो. ते आपण केलं नाही. मी परीक्षेचं निमित्त सांगायचो आणि तू बैलांचं.

लटारू


नागपूर
२१ सप्टेंबर १९५५

भाऊ,

अजून गप्पच. बरं.

आता मी रागानं लिहितो, गुरुजींनी तसंच रागानं वाचावं.

तू त्या कार्डावर गुरुजींकडून काय लिहून घेतलंस? "माय बिमार आहे. लवकर ये." संपलं. माझी तार आली, गावानं मला मेलेला धरलं, मायनं अन्न सोडलं, यातलं एक अक्षर नाही. एक अक्षर असतं तर मी चालत आलो असतो. काऊन नाही लिहिलंस? तेच पाच शब्द, जे तू दरवर्षी लिहितोस.

आठवतं का? मॅट्रिकनंतर मी नागपूरला आलो, त्या पहिल्याच पावसाळ्यात कार्ड आलं. माय बिमार आहे, लवकर ये. मी वर्ग सोडून धावलो. गाडी, मग बस, मग पायी. गावाच्या शिवेवर पोचलो तर माय आपल्या खालच्या बांधीत गुडघाभर चिखलात, धानाच्या कोवळ्या पऱ्ह्यांची पेंढी हातात, बायांच्या रांगेत पहिली, आणि गाणं म्हणत होती. मी बांधावर उभा राहून रडायला लागलो. ती म्हणाली, "रडतं कायले, बाबू, धोतर खोच. रोवणाऱ्या बाया कमी पडून राह्यल्या." तू बांधाच्या पलीकडे तोंड लपवून हसत होतास.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. माझ्या खोलीतले सोबती आषाढ लागला की विचारायचे, काय रे लटारू, आई आजारी पडली की नाही अजून? आम्ही त्याला रोवण्याचं कार्ड म्हणायचो. मी दरवर्षी चिडायचो आणि दरवर्षी यायचो. खोटं सांगत नाही, मला ते आवडायचं. बाकीच्यांना घरून फक्त उपदेश यायचे, मला बोलावणं यायचं. मायला म्हटलं, तुला लाज वाटत नाही, धडधाकट असून बिमार सांगतेस? तर म्हणायची, "बिमारच आहो मी. तू येतं तं बरी होतो."

सहा वर्षं तू खोटं लिहिलंस, भाऊ. सहा वर्षं. मग सातव्या वर्षी माणूस काय समजणार?

उत्तर दे. तिला कळलं होतं का?

लटारू


नागपूर
३ ऑक्टोबर १९५५

भाऊ,

मागच्या पत्रात माझ्या हातून निसटलं ते तुझ्या लक्षात आलंच असेल. कार्ड मला मिळालं नाही म्हणणाऱ्या माणसाला कार्डावर काय लिहिलं होतं ते कसं माहीत? गुरुजींनी सांगितलं असेल असं तू धरलंस तर तू देवमाणूस. गुरुजींनी सांगितलेलं नाही.

कार्ड मला मिळालं. एक ऑगस्टला, सोमवारी, जेवायला बसायच्या आधी.

गुरुजी, हे सावकाश वाचा. वहिनी जवळ असेल तर तिलाही ऐकू द्या.

मुलाखतीच्या अर्जात दोन पत्ते मागितले होते, कायमचा आणि हल्लीचा. निवड झाली तर कायमच्या पत्त्यावर तार जाईल, असं त्यांनी सांगितलं होतं. माझ्याबरोबरच्या सगळ्यांनी दोन्ही जागी शहरातला पत्ता टाकला. मी कायमचा म्हणून आपल्या गावाचा टाकला. मुद्दाम. मला वाटलं, परदेशातून लटारूची तार येईल, डाकवाला ती मिरवत आणेल, मालगुजाराच्या वाड्यावरून जाईल, सगळं गाव बघेल. हात दाखवून अवलक्षण. वाचणार कोण हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. सहा वर्षं इंग्रजी शिकलो आणि माझ्या घरात इंग्रजी कोणाला येत नाही, एवढं मला आठवलं नाही.

तार केली असल्याचं पत्र मला इथं आलं. म्हणून मी समजून चाललो की तुम्हाला सगळं कळलं आहे. लटारू समुद्रापलीकडे जाणार हे कळलं, मायनं डोळ्याला पदर लावला, तू रागावलास. आणि त्यावर दोन दिवसांत तुझं कार्ड. माय बिमार आहे, लवकर ये.

मी हसलो, भाऊ. कार्ड वाचून मोठ्यानं हसलो. सोबत्याला दाखवलं. म्हटलं, बघ, मला अडवायला काढलं पुन्हा रोवण्याचं कार्ड. चार तारखेला मुंबईत तपासणी होती. गावाला गेलो असतो तर ती चुकली असती. मी म्हटलं, एकदा तपासणी होऊ दे, मग जाऊन पाय धरीन, बर्फी नेईन, माय दोन दिवस रुसेल आणि मग स्वतःच लाडू बांधून देईल.

चार तारखेला डॉक्टरनं माझी छाती तपासली, डोळे तपासले, जीभ बघितली. प्रकृती उत्तम, असा कागद दिला. पाच तारखेला मी चौपाटीवर बसून समुद्र बघत होतो. ती बोट इकडूनच जाणार म्हणून बघत होतो. त्याच दिवशी माय गेली.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं, कारण गुरुजी ते ओसरीत मोठ्यानं वाचणार आणि गाव ऐकणार. आता ऐकू दे. मायनं मला मेलेला समजून जीव सोडला असणार, म्हणूनच तू बोलत नाहीस, हे मला कळून चुकलं आहे. मी नकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे. बारा तारखेला टपालात टाकतो. गडचिरोलीला कळवतो की येतो. तू दार उघड किंवा उघडू नको, मी जवळ असेन. मी फार रडतो, भाऊ. मला माय पाहिजे.

लटारू


पोस्ट पोंभुर्णा, जिल्हा चांदा
८ ऑक्टोबर १९५५

लटारूले नानाजीचा आशीर्वाद.

गुरुजीले सांगतलं आहे का मी जसा बोलतो तसंच लिवा, सुधरवू नोका. चारही कागद पोचले. वाचून घेतले. सेवटचा दोनदा वाचून घेतला. तुह्यी वहिनी होती बाजूले.

कार्ड तुले भेटलं हे मले मालूम होतं. आजवर माह्यं एकही कार्ड चुकलं नाई. तू मुंबईले गेल्ता हेही तू सांगाच्या आधीच समजलो होतो, बाबूनं तारेतली तपासणीची गोठ सांगतली होती. त्याचा राग होता. आता नाई. झूट पयले मी लिवलं, सहा साल लिवलं. मायच म्हने, बलाव पोराले, बिमार लिव, तो येते. आमी दोघं मिळून हासत होतो तुह्यावर. यंदा खरं लिवाचं होतं तं दुसरे शब्द सुचलेच नाई. तू म्हन्तं काऊन नाई लिवलं का तू मेला अशी तार आली? जित्या मानसाले असं लिवतेत काय रे? कागदावर लिवलं आन तसंच झालं तं? मी भेलो.

आता तुह्यी गोठ विचारली ते.

हाव. मायले मालूम होतं.

मी डोंग्यातून उतरलो आन घरापर्यंत पळत आलो. माय खाटेवर पडून होती. म्हनलं, माय, लटारू जिता आहे. तार मौतीची नोहे, नोकरीची होय. बाबूनं वाचून सांगतलं. पयले तं मानेच ना, म्हने मले समजावून राह्यला. मी तुह्यी आन घेतली तवा मानलं. उठून बसली. रुखमाले, तुह्या वहिनीले, हाक मारून म्हने, पेज आन. सहा दिवसांनं पेज पेली, वाटीभर. हासली. रुखमाले सांगतलं, माह्या पोरगा जिता आहे वो.

मंग म्हने, कुठी नोकरी? मी म्हनलं, समुद्राच्या पार. बोटीनं सात-आठ रोज लागतेत. म्हने, किती साल? मी म्हनलं, तीन. मंग म्हने, "तं पुतळा जाळला ते काई चुकलं नाई मंग."

मी रागावलो तिच्यावर. म्हनलं, असं काऊन बोलतं, तीन सालानं येईन तो. ते म्हने, "तो येईन. मी नाई राह्यत तीन साल." पेज दुसऱ्यांदा घेतली नाई. म्हने, एकदा बलाव त्याले, पाहून घेतो. तवा मी कार्ड टाकलं. आठ रोज खाट दारात ठेवाले लावली, पांदणीकडं तोंड करून.

सेवटच्या रोजी तोंडात पानी टाकलं तवा म्हने, "रागावू नोको त्याले. मोठा साहेब झाला. जाऊ दे." बस. मंग गेली.

हे मी दोन महिने पोटात धरून बसलो. तू पयल्याच कागदात लिवलं, मायले मालूम असन तं जाईन, नसन तं इथंच राहीन. मी 'नाई' म्हनलं असतं तं तू राह्यला असता. गडचिरोली काई दूर नाई. शनिवारी आला असता, रोवण्याले आला असता. लय रोज मन होऊन राह्यलं होतं का गुरुजीले सांगाव, लिवा, नाई, मालूम नव्हतं. एक झूट आनखी, त्यात काय. गुरुजी कागद घेऊन दोनदा बसले, दोनदा मी त्याइले घरी पाठवलं. त्याच्यानं उत्तर नाई दिलं. तुह्या रागानं नाई.

मंग तुह्या सेवटचा कागद आला. तू सारं खरं सांगतलं, साऱ्या गावासमोर. मंग माह्या तोंडून झूट निघन कसं?

नकाराचा कागद फाडून टाक. गडचिरोलीले कोनीतरी मास्तर येईन. तू गेला नाई तं बुढी कायले मेली?

डोंग्यात तुह्या जीव घाबरते हे मले मालूम आहे, बोटीतही घाबरन. पोटभर जेवून चढजो. थंडी आहे म्हन्तं तं घोंगडं घेजो. तिथल्या पोराइले मारू नोको, तुह्या हात जड आहे.

आन एक आयक. जातानी घराकडं नोको येऊ. वहिनी म्हन्ते, एकदा येऊ द्या, पाहू द्या तोंड. मी नाई म्हनलं. त्या शनिवारी तू पायरीखाली उभा होता तवा मी बांधीत जाऊन बसलो, ते याच्याचसाठी. तू घरात आला तं मी तुले जाऊ नाई देनार.

नानाजी
(अंगठा)